इडासारखा पूर घरात शिरला, तर ‘फेमा’ची मदत कोणाला आणि कशी मिळते?

इडा चक्रीवादळ लुइझियानाला धडकलं २९ ऑगस्ट २०२१ रोजी. न्यू जर्सीला पोचेपर्यंत वादळ म्हणून त्यात फारसा दम उरला नव्हता, पाऊस मात्र भरपूर उरला होता. १ सप्टेंबरला नेवार्कमध्ये ८.४१ इंच पाऊस झाला. रॅरिटन नदीकाठची मॅनव्हिल आणि बाउंड ब्रूक पाण्याखाली गेली, आणि राज्यात ३० माणसं दगावली. अशा आपत्तीनंतर घरासाठी मदत देते ती ‘फेमा’ ही अमेरिकेची केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन यंत्रणा. इडाच्या अर्जांची मुदत कधीच संपली, पण पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून ही माहिती.

सगळ्यात आधी आपली काउंटी (म्हणजे राज्यातला जिल्हा) मदतीच्या यादीत आहे का ते बघा. पूर आला म्हणून आपोआप मदत सुरू होत नाही. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करावी लागते आणि वैयक्तिक मदत काउंटीनुसार मंजूर होते. इडाच्या वेळी ५ सप्टेंबरच्या घोषणेत मिडलसेक्स, सॉमरसेटसह सहा काउंट्या होत्या. खुद्द नेवार्क जिच्यात येतं ती एसेक्स काउंटी नव्हती! ती नंतर घातली गेली. त्यामुळे पहिल्या यादीत नाव नसलं तरी फोटो आणि पावत्या जमवत राहा. अर्जाला साधारणपणे घोषणेपासून ६० दिवस मिळतात. इडासाठी ही मुदत वाढवून ५ जानेवारी २०२२ केली होती, पण मुदतवाढ मिळेलच असं धरून चालू नये.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न: ‘आम्ही एच-वन बीवर आहोत, आम्हाला कोण देणार?’ फेमाची रोख मदत नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांना मिळते. एच-वन, एल-वन, एफ-वन हे नोकरीचे आणि शिक्षणाचे तात्पुरते व्हिसा त्यात बसत नाहीत, हे खरं. पण पात्रता घरातल्या एकाची असली तरी पुरते. तुमचं मूल इथे जन्मलेलं, १८ वर्षांखालचं, तुमच्याच घरात राहणारं असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) असेल, तर त्याच्या वतीने आई किंवा वडील अर्ज करू शकतात. पाळण्यातलं बाळही चालतं. हे ठाऊक नसल्यामुळे घरबसल्या हक्क सोडू नका. मूल नसेल तरी तात्पुरता निवारा, जेवण, समुपदेशन यांसाठी व्हिसा आड येत नाही. आणि हो, भाडेकरूही अर्ज करू शकतात. घर मालकाचं असलं तरी भिजलेली गादी तुमचीच असते.

अर्ज डिझास्टर असिस्टन्स डॉट गव्ह या संकेतस्थळावर किंवा १-८००-६२१-३३६२ या नंबरवर करता येतो. एका घराचा एकच अर्ज, नवरा-बायकोने वेगवेगळे भरू नयेत. सोशल सिक्युरिटी नंबर, नुकसान झालेल्या घराचा पत्ता, सध्याचा पत्ता आणि फोन, घरातलं एकूण वार्षिक उत्पन्न, विम्याची माहिती आणि बँकेचा खाते व राउटिंग नंबर हाताशी ठेवा. तिथे राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा विजेचं बिल चालतं, मालकीसाठी डीड किंवा मॉर्गेजचे कागद. शेवटी नऊ आकडी नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

विम्याचा दावा मात्र आधी. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि सहसा तो लागू व्हायला ३० दिवस जातात, म्हणजे वादळाची बातमी ऐकून घेऊन उपयोग नाही. विमा कंपनीने नकार दिला तर ते नकारपत्र फेकू नका, फेमा तेच मागते. विम्याने भरून दिलेल्या नुकसानीचे पैसे फेमा पुन्हा देत नाही. गाडी बुडाली असेल तर आधी तिच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ विम्याकडे जा.

बेसमेंटबद्दल मोठी अपेक्षा ठेवू नका. घर राहण्याजोगं करायला जे लागतं, त्याचेच पैसे मिळतात: घर गरम ठेवणारी फर्नेस, वॉटर हीटर, विजेचं पॅनल. कार्पेट, होम थिएटर, ट्रेडमिल यांचे नाहीत. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. बेसमेंटात ठेवलेलं मखराचं सामान कोणाचं भिजलं असेल, तर तेही या हिशेबात बसत नाही.

भिजलेलं सामान कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेला टाकण्याआधी फोटो काढा. भिंतीवर पाणी चढल्याची रेघ, शेजारी मोजपट्टी धरून. फर्नेसवरच्या पत्र्याच्या पट्टीवर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो, तो वाचता येईल असा जवळून घ्या. पाहणीला येणाऱ्या माणसाकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि तुमचा नोंदणी क्रमांक त्याला माहीत असतो. तो पैसे कधीच मागत नाही. मागितले तर दार लावून घ्या.

पत्रात ‘अपात्र’ असं आलं तर बहुतेक जण तिथेच थांबतात. ते पत्र नीट वाचा. बऱ्याचदा विम्याचं पत्र किंवा राहण्याचा पुरावा जोडलेला नसतो, एवढंच कारण असतं. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. कंत्राटदाराचं अंदाजपत्रक जोडा आणि प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक लिहा. मिळालेली मदत परत करायची नसते. ती ज्या कामासाठी दिली त्यावरच खर्च करा आणि पावत्या तीन वर्षं ठेवा, तपासणीत मागू शकतात.