बुडबुडे अडकलेल्या हवेचे की हेड गॅस्केटचे?

कूलंट बदललं, रेडिएटरच्या तोंडाला फनेल घट्ट बसवलं, इंजिन चालू केलं, की फनेलमध्ये बुडबुडे यायला लागतात. यायलाच हवेत, भरताना आत अडकलेली हवा बाहेर पडतेय. पंचाईत अशी, की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं असलं तरी बुडबुडेच येतात. एकाला अर्धा तास धीर पुरतो, दुसऱ्यासाठी इंजिन उघडावं लागतं.

अडकलेली हवा कधीतरी संपते. गॅस्केटमधून येणारा वायू संपत नाही, कारण सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाला तो नव्याने घुसतो. बाकी सगळ्या खुणा यातूनच निघतात.

हवा असेल तर सुरुवातीला तुरळक बुडबुडे येतात. मग साधारण 82 ते 90 अंशांना थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडतो आणि 'भुळुक' करून एखादा मोठा गोळा वर येतो. फनेलमधली पातळी झपकन खाली जाते, वरून ओतावं लागतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवला असेल, तर आतापर्यंत गार येणारा वारा गरम होतो. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत बुडबुडे जवळपास थांबलेले असतात.

गॅस्केटचे बुडबुडे थंड इंजिन चालू केल्या केल्या येतात. बारीक, एकसारखे, सोड्याच्या बाटलीसारखे. रेस दिली की वाढतात. पण इथे घाई नको: रेस दिल्यावर अडकलेली हवाही सुटते. पाच-सहा वेळा रेस देऊनही दर वेळी तितकेच येत असतील, तरच संशय घ्या.

एकट्याने हे करताना रेस देणारा आत आणि फनेल बाहेर, अशी गत होते. मी सरळ मोबाइल फनेलवर रोखून व्हिडिओ चालू ठेवतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. नाक चढाला असेल तर उत्तमच.

तापमानाचा काटा उड्या मारणं, हीटर गार पडणं यावरून मात्र निदान करू नका, दोन्हीत होतं. गेलेलं गॅस्केट स्वतःच एअर लॉक तयार करतं, म्हणजे वायू साचून कूलंटची वाट अडते. हवा नीट काढूनही आठवड्याभरात पुन्हा तेच झालं, कुठे गळती नसताना कूलंट घटलं, तर गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करून घ्या: टेस्टचा निळा द्रव पिवळा पडला, तर कूलंटमध्ये जळालेला वायू आहे.

घरच्या घरी आणखी एक बघता येतं. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी चालू करण्याआधी रेडिएटरचा वरचा पाइप दाबा. इंजिन पूर्ण थंड असूनही तो टणक लागला, तर संशय गॅस्केटवर. मग झाकण जपून, हळूहळू उघडा. आत दाब असतो.