चौकट कुठली? अमेरिकी रिटर्नमधल्या लग्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेत प्राप्तिकराचे रिटर्न भरताना वरच पाच चौकटी येतात : एकटे, विवाहित एकत्र, विवाहित स्वतंत्र, कुटुंबप्रमुख आणि हयात जोडीदार (नवरा किंवा बायको वारल्यावर मागे राहिलेली व्यक्ती). भारतात नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरायची सोयच नाही, त्यामुळे तिकडे नव्याने गेलेली आपली मंडळी इथेच थबकतात.

१९१३ साली हा कर आला तेव्हा लग्नावरून दर बदलत नव्हते. गोम होती मालमत्तेच्या कायद्यात. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना अशा आठ राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी, आणि हा वारसा मुख्यतः स्पॅनिश-फ्रेंच कायद्याचा. (पोर्तुगीज नागरी संहितेमुळे गोव्यातही असेच आहे. भारताच्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ५ए ने तिथल्या जोडप्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत सारखे वाटले जाई.) १९३० साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सीबोर्न खटल्यात ही वाटणी करासाठीही ग्राह्य धरली. दर चढते असल्याने उत्पन्न दोन रिटर्नमध्ये विभागले की कर बराच कमी होई. न्यू यॉर्कच्या जोडप्याला मात्र तेवढ्याच कमाईवर जास्त भुर्दंड.

मग ओक्लाहोमा, मिशिगन, ओरेगन, नेब्रास्का यांनीही आपले कायदे बदलले. यात बायकांच्या हक्काचा कळवळा कितपत होता, ते पुढे दिसलेच. १९४८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून सगळ्याच जोडप्यांना एकत्र रिटर्नची सवलत दिली आणि या राज्यांनी नवे कायदे गुंडाळून ठेवले.

आता ओरड एकट्यांची. १९५१ मध्ये 'कुटुंबप्रमुख' आला. आपल्या कानाला तो घरातला कर्ता पुरुष वाटतो, पण ही चौकट मुख्यतः अविवाहित राहून घरी कुणाला सांभाळणाऱ्यांसाठी आहे. १९५४ मध्ये हयात जोडीदाराची सोय झाली. १९६९ च्या कायद्याने एकट्यांचा भार उतरवला, तर दोघे कमावत असलेल्या जोडप्यांना लग्नच महाग पडू लागले.

तुम्ही विवाहित की नाही, हे ३१ डिसेंबरला ठरते. हे हेरून मेरीलँडच्या एका नोकरदार जोडप्याने १९७५ च्या डिसेंबरात हैतीत घटस्फोट घेतला, जानेवारीत पुन्हा लग्न केले, आणि पुढच्या नोव्हेंबरात डॉमिनिकन रिपब्लिक गाठून परत तेच. कर न्यायालयाने मात्र दोन्ही वर्षी त्यांना विवाहितच धरले.