नेपाळ: जुने मुलुख, अंचल आणि आताचे प्रदेश

नेपाळला समुद्र नाही, तिन्ही बाजूंनी भारत आणि वर तिबेट. क्षेत्रफळ साधारण 1 लाख 47 हजार चौरस किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमीच, पण एवढ्याशा देशाचे आतले नकाशे इतक्या वेळा बदललेत की आजोबा, मुलगा आणि नातू तिघं आपला पत्ता तीन वेगवेगळ्या पद्धतीने सांगतील.

मुळात नेपाळ हे नाव आधी फक्त काठमांडूच्या खोऱ्याचं. डोंगरातली माणसं काठमांडूला निघाली की 'नेपाळला चाललो' म्हणायची! खोऱ्यात मल्ल राजांची काठमांडू, पाटण, भक्तपूर अशी तीन राज्यं एकमेकांच्या अगदी बांधाला बांध लावून होती. पश्चिमेला सिंजाचं खस राज्य होतं, ते फुटल्यावर कर्णाली नदीच्या बाजूला बाईसी म्हणजे 22 आणि गंडकी नदीच्या बाजूला चौबिसी म्हणजे 24 राज्यं झाली (आकडे तोंडी चालत आलेले, याद्या काही जुळत नाहीत). पूर्वेला किरात मुलुख, त्याचे परत वल्लो, माझ आणि पल्लो असे तीन भाग, म्हणजे अलीकडचा, मधला आणि पलीकडचा. कुणाच्या अलीकडचा? अर्थात काठमांडूच्या.

चौबिसीतल्याच गोरखाच्या पृथ्वीनारायण शहाने 1768-69 मध्ये खोरं घेतलं आणि पुढे हे सगळं एका राज्यात आलं. इंग्रजांशी युद्ध हरल्यावर 1816 च्या सुगौली तहात कुमाऊँ-गढवाल गेलं आणि मेची नदी ते महाकाली नदी ही हद्द ठरली. तराईचा, म्हणजे डोंगरांखालच्या सपाट पट्ट्याचा, पश्चिमेकडचा तुकडा मात्र 1860 मध्ये परत मिळाला, 1857 च्या बंडात नेपाळचा पंतप्रधान जंगबहादूर राणाने इंग्रजांना मदत केली त्याचं बक्षीस म्हणून. बांके, बर्दिया, कैलाली, कंचनपूर हे चार जिल्हे म्हणजे तोच तुकडा, त्याला आजही 'नया मुलुक' म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाला यात एक बोचणारी गोष्ट सापडेल, त्याच बंडात हरलेले नानासाहेब पेशवे जीव वाचवायला याच देशाच्या तराईत शिरले होते.

राणांच्या, म्हणजे जंगबहादूरच्या घराण्यातल्या पंतप्रधानांच्या काळात डोंगरी जिल्ह्यांना सरळ नंबर होते, काठमांडूपासून मोजलेले. चौतारा म्हणजे पूर्व 1 नंबर, गोरखा म्हणजे पश्चिम 2 नंबर. पूर्वीच्या राजाची राजधानी, आता नुसता नंबर.

पंचायत काळात, म्हणजे पक्षांवर बंदी होती आणि राजाच कारभार पाहायचा तेव्हा, 1962 ला राजा महेंद्रने 14 अंचल म्हणजे मोठे विभाग आणि 75 जिल्हे केले, अंचलावर राजाने नेमलेला अंचलाधीश. अंचलांची आठवण सगळ्यात जास्त टिकली ती गाड्यांच्या नंबरप्लेटवर. जुन्या पाटीवर 'बा' दिसलं की बागमती, 'लु' म्हणजे लुंबिनी, 'को' म्हणजे कोशी, त्या पाटीवरची अक्षरं आणि आकडेसुद्धा देवनागरीत, त्यामुळे मराठी माणसाला रस्त्यात उभ्या उभ्या वाचता येतं गाडी कुठली ते. पुढे अंचलांच्या वर विकास क्षेत्रं आली, शेवटी पाच, हिमालयापासून तराईपर्यंत उभे काप काढल्यासारखी.

20 सप्टेंबर 2015 च्या संविधानाने सात प्रदेश केले, नावं नाहीत, फक्त नंबर, म्हणजे परत राणांसारखंच. कारण नावावरून भांडण. लिंबू, मगर, गुरुङ या डोंगरी जमातींना आणि तराईतल्या मधेशींना आपली ओळख नावात हवी होती आणि बाकीच्यांना ती नको होती. मग नदी बरी, नदीला जात नसते. कर्णालीने 2018 मध्ये पहिलं नाव घेतलं, गंडकी आणि बागमतीही नद्याच, आणि सगळ्यात शेवटी 2023 मध्ये 1 नंबरचा प्रदेश कोशी झाला, त्यावर तिथे मोठं आंदोलन झालं कारण तिथल्या किरात, त्यातही लिंबू लोकांना हे नाव अजिबात मान्य नव्हतं. मधेश हे एकच नाव तिथल्या माणसांच्या ओळखीवरून पडलेलं, आणि तो प्रदेश आकाराने सगळ्यात लहान, आठ जिल्ह्यांचा, तरी 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 61 लाखांच्या आसपास. कर्णाली सगळ्यात मोठा, माणसं 17 लाख.

नवलपरासी आणि रुकुम दोन-दोन झाल्यामुळे जिल्हे आता 77 आहेत. खरी सत्ता मात्र खाली 753 पालिकांकडे गेलीय: 6 महानगरपालिका, 11 उपमहानगरपालिका, 276 नगरपालिका, 460 गाउँपालिका. जुनी गाव विकास समिती, म्हणजे गाविस, 2017 मध्ये संपली, पण लोकांच्या नागरिकता प्रमाणपत्रावर अजून गाविसचंच नाव आणि जुना वॉर्ड नंबर आहे, तो वॉर्ड आता तिसऱ्याच नंबराने ओळखला जातो, मग कागद जुळवायला वॉर्ड ऑफिसची शिफारस आणायची.