यूएसबी मायक्रोफोन व घरगुती ध्वनिमुद्रण

यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडता येणारा मायक्रोफोन. आवाज पकडणारी कॅप्सूल, तिचा क्षीण संकेत वाढवणारा प्रवर्धक आणि त्या संकेताचे अंकीय रूपांतर करणारे मंडल ही तिन्ही माइकच्या पोटातच असतात. वेगळे साउंड कार्ड वा मिक्सर लागत नाही.

पहिला यूएसबी मायक्रोफोन कोणता, याविषयी एकमत नाही. यूएसबी मानक जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झाले आणि ध्वनिउपकरणांसाठीचे त्याचे विनिर्देश १९९८ मध्ये आले. संभाषणासाठीचे यूएसबी हेडसेट त्यानंतर लवकरच निघाले. व्यापक अर्थ घेतल्यास पहिलेपणाचा मान त्यांच्याकडे जातो. स्टुडिओ दर्जाचा धारित्र माइक (कंडेन्सर; यात विद्युत् भारित पातळ पडदा आवाजाने कंप पावून संकेत देतो) अशी अट घातल्यास सॅमसन सी०१यू व ब्लू स्नोबॉल ही नावे पुढे येतात. दोन्ही साधारणपणे २००५ च्या सुमाराची असून सामान्यतः सॅमसनचा उल्लेख आधी होतो. घरच्या ध्वनिमुद्रणाला वळण या माइकांनी दिले, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांमागील तत्त्व मात्र बरेच जुने आहे. धारित्र माइक ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये अमेरिकेत तयार केला. स्टुडिओतील अशा माइकला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. साध्या यूएसबी पोर्टवर ५ व्होल्टच मिळतात. गेरहार्ड झेसलर व जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत पुढे आणलेल्या इलेक्ट्रेट माइकमध्ये विद्युत् भार कायमचा साठवलेला असतो. अनेक स्वस्त यूएसबी माइक त्यामुळेच शक्य झाले.

जोडणी सोपी आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून माइक निवडावा, ४८,००० हर्ट्झ व २४ बिट ठेवावे आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबेलच्या वर जाणार नाही इतकाच गेन (संकेताची वाढ) द्यावा. हेडफोन माइकलाच जोडल्यास आपला आवाज उशिरा ऐकू येत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात माइक घेताना चर्चा किमतीची होते; निकाल मात्र खोली ठरवते. मुंबईत लोकल, हॉर्न आणि शेजारचा कुकर पूर्ण टाळता येत नाहीत. बहुतेक यूएसबी माइक हृदयाकार क्षेत्राचे असतात, म्हणजे समोरचे जास्त व पाठीमागचे फार कमी ऐकतात. म्हणून माइकची पाठ खिडकीकडे करावी. बोलणाऱ्याचे तोंड मग खिडकीकडे येते आणि त्याच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज माइकमध्ये शिरतो. तिथे दोरीवर जाड गोधडी टाकावी किंवा कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे. पंखा बंद करावा. तोंड माइकपासून वीतभर असावे; अंतर निम्मे केल्यास थेट आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो, खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. मराठीत ‘फ’, ‘भ’ यांसारख्या महाप्राण वर्णांचा झोत माइकच्या पडद्यावर जोराने आदळतो. ‘भाकरी’ म्हणताना ठोका उमटत असल्यास पॉप फिल्टर (तोंड व माइक यांमधली झोत अडवणारी जाळी) लावून माइक किंचित तिरका करावा. उभ्या माइकपैकी अनेकांत कॅप्सूलचे तोंड बाजूला असते. त्यांच्या टोकावर बोलल्यास आवाज दबका येतो.

पावसाळ्यात दमट हवेमुळे धारित्र माइक चरचरू शकतो. काम झाल्यावर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

गाणे आणि तबला दोन यूएसबी माइकांवर एकाच वेळी घेणे अवघड असते. प्रत्येक माइकचे अंतर्गत घड्याळ स्वतंत्र असल्याने लांब ध्वनिमुद्रणात दोन्ही मुद्रणे हळूहळू एकमेकांपासून सरकतात. अशा कामाला साधे एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचे) माइक व दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे दोन्ही माइकांचे संकेत एकाच घड्याळावर संगणकात नेणारी पेटी, घ्यावा.