बिल ऑफ एन्ट्री कोण भरू शकतं? इम्पोर्ट नवीन सुरू करणाऱ्यांसाठी

न्हावाशेवाला पहिलाच कंटेनर येणार असला की सगळे एकच सांगतात, सीएचए (कस्टम हाउस एजंट) पकड, त्याच्याशिवाय काही होत नाही. अर्धं खरंय. कायद्याने स्वतःच्या मालाचं बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाची कस्टमला द्यायची घोषणा) इम्पोर्टर स्वतः भरू शकतो, त्याला लायसन्स लागत नाही. कंपनीचा पगारी माणूसही भरू शकतो, फक्त त्याच्याकडे कस्टमच्या डेप्युटी किंवा असिस्टंट कमिशनरने दिलेलं ओळखपत्र किंवा तात्पुरता पास पाहिजे. पण दुसऱ्याच्या मालाचं काम धंदा म्हणून करायचं तर कस्टम्स ॲक्ट 1962 च्या कलम 146 खाली लायसन्स लागतंच, म्हणजे ओळखीतला "करून देतो रे" म्हणणारा चालत नाही. सीएचए म्हणजे आता कागदावर कस्टम्स ब्रोकर, 2013 पासून, बोलताना मात्र सगळे सीएचएच म्हणतात. त्याच्याकडच्या एच कार्डवाल्या (नुसत्या मदतनीस) पोराने कागद घेऊन फिरावं, डिक्लेरेशनवर सही एफ किंवा जी कार्डवाल्याचीच (कस्टमची परीक्षा पास झालेल्याची).

स्वतः भरायचं तर डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर आयईसी (इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड) काढा, फी 500 रुपये, एका पॅनवर एकच मिळतो आणि दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये अपडेट करायचा, काही बदललं नसलं तरी, नाहीतर बंद पडतो. मग जीएसटीआयएन, बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा नंबर), क्लास 3 डिजिटल सही आणि आइसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) रजिस्ट्रेशन. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती), इन्शुरन्स, लागत असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला) हे सगळं ई-संचितवर (कस्टमची कागद अपलोड करायची सोय) चढवायचं. खेळणी मागवताय तर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सर्टिफिकेटचं आधी बघा, माल पोर्टवर अडकल्यावर नाही.

ब्रोकरकडून करायचं तर त्याला ऑथॉरिटी लेटर आणि केवायसीचे कागद द्यायचे. कोऱ्या लेटरहेडवर सही करून देऊ नका, कितीही घाई असली तरी. कारण ब्रोकरने जे केलं ते तुमच्या माहितीने आणि संमतीनेच केलं असं कलम 147 धरून चालतं, तसं नव्हतं हे दाखवायचं काम तुमच्यावर येतं. त्यामुळे सबमिट करायच्या आधी तो चेकलिस्ट (भरलेल्या माहितीचा मसुदा) पाठवतो ना, ती नीट वाचा. आठ आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा नंबर, त्यावर ड्युटी ठरते), व्हॅल्यू, करन्सी, कुठल्या नोटिफिकेशनखाली ड्युटीत सूट घेतलीय त्याचा सिरियल नंबर. "ओके" टाकून मोकळं व्हायची सवय महागात पडते, चुकीच्या कोडची डिमांड नोटीस तुमच्याच नावाने येते. आणि आपला आयईसी दुसऱ्याला वापरायला देणं, चार पैसे सुटतात म्हणून, हे तर अजिबात नको.

वेळेचं पण बघा. जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरलेलं पाहिजे, यायच्या 30 दिवस आधीपासून भरता येतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि नंतर रोज 10,000 रुपयांपर्यंत चार्ज बसतो. कंटेनर वेळेत परत न दिल्याचं शिपिंग लाइनचं डिटेन्शन आणि माल पोर्टवर पडून राहिल्याचं डेमरेज वेगळं.

घरच्या वापरासाठी एखादी वस्तू कुरियरने मागवलीत तर आयईसी लागत नाही, डिक्लेरेशन कुरियर कंपनी भरते, तुम्ही फक्त केवायसी द्यायचं आणि किंमत खरी सांगायची.