ताप कुणाचा? ल्युपस आणि श्वसनाच्या विषाणूंची जुनी गुंतागुंत

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याच्या रुग्णाला ताप भरला, खोकला लागला, की आधी ठरवावं लागतं ताप कुणाचा आहे ते. आजारानेच पुन्हा डोकं वर काढलंय, की बाहेरून एखादा विषाणू शिरलाय? दोन्हींत अंग मोडून येतं, सांधे ठणकतात, अंथरुणातून उठवत नाही. रक्ताचा रिपोर्ट हातात आला तरी लगेच उलगडा होतो असं नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या, त्यातही लिम्फोसाइट्स कमी: हे फ्लूमध्ये होतं, कोविडमध्ये होतं आणि कुठलाही संसर्ग नसताना नुसत्या ल्युपसमध्येही होतं. छातीच्या एक्स-रेवरचा धूसर पट्टा न्यूमोनियाचा असू शकतो, तसाच ल्युपसने फुप्फुसाला आणलेल्या सुजेचाही. उपाय मात्र उलट्या दिशेचे. आजार उसळला असेल तर प्रतिकारशक्तीला आवर घालायचा, संसर्ग असेल तर तिचे हात मोकळे सोडायचे.

थोडी मदत सीआरपीची होते. सूज दाखवणारी ही चाचणी इतर संधिवातांत भराभर चढते, ल्युपस उसळला तरी ती बऱ्याचदा जागची हलत नाही (फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल तर गोष्ट वेगळी). म्हणून ती एकदम वर गेलेली दिसली की डॉक्टर आधी संसर्ग शोधतात. उलट कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांपैकी सी3, सी4 घसरलेली आणि अँटी-डीएसडीएनए (स्वतःच्याच डीएनएविरुद्धची अँटीबॉडी) वाढलेली असेल, तर पारडं ल्युपसकडे झुकतं. पण नुसत्या विषाणूने सीआरपी फार चढतेच असं नाही, त्यामुळे सर्दी-फ्लूच्या बाबतीत ही खूण लंगडी पडते. ल्युपसमध्ये ती दबून का राहते, याचं एक कारण इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आला की पेशी सोडतात तो पदार्थ. ल्युपस आणि विषाणूचा आजार यांची गाठ पडते तीही तिथेच.

आजाराचं नाव जुनं आहे. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याच्या चाव्यासारखे दिसतात, म्हणून पडलेलं. 1851 मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी त्वचेच्या या विकाराला 'ल्युपस एरिथेमॅटोसस' म्हटलं. 1872 मध्ये व्हिएन्नाच्या कापोसी यांनी दाखवलं की हा नुसता कातडीचा रोग नाही, त्यात ताप येतो, सांधे धरतात, वजन घटतं. त्यानंतरची पाऊणशे वर्षं रोग ओळखण्यातच गेली, उपचार म्हणावा असं हाती फारसं काही नव्हतं.

1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांत सापडणारी 'एलई सेल' (दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेली पांढरी पेशी) वर्णन केली, आणि फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. स्टेरॉइड लवकरच ल्युपसमध्येही आलं. तेव्हा हा आजार किती जीवघेणा होता, ते 1955 च्या एका अमेरिकी अभ्यासातून कळतं: निदानानंतर 4 वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात होते. आज 5 वर्षांनी 10 पैकी 9 हून अधिक असतात. स्टेरॉइडला शिव्या देणं सोपं आहे, पण या सुधारणेत त्याचा वाटा मोठा आहे.

किंमतही त्यानेच वसूल केली. 1976 मध्ये टोरंटोच्या मरे युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांचे मृत्यू वेळेनुसार मांडले, तेव्हा त्यांचे दोन गट पडले. उशिरा गेलेले हृदयविकाराने गेले होते. लवकर गेलेल्यांमध्ये आजार तर पेटलेला होताच, पण मोठ्या डोसच्या स्टेरॉइडवर असताना झालेले गंभीर संसर्गही होते. फुप्फुसाचा संसर्ग आजही अशा रुग्णांना रुग्णालयात नेणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. बरेचदा सुरुवात साध्या विषाणूने होते, आणि त्याने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं की मागून बॅक्टेरिया शिरतात.

आता इंटरफेरॉन. 1957 मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत आयझॅक्स आणि लिंडेनमान फ्लूच्याच विषाणूवर काम करत होते. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर त्यांनी उष्णतेने निष्क्रिय केलेला विषाणू टाकला, आणि त्या पेशींनी असं काही सोडलं की नंतर आलेल्या जिवंत विषाणूला वाढता येईना. विषाणूच्या कामात अडथळा आणणारं, म्हणून त्याला इंटरफेरॉन हे नाव दिलं. 1979 मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे कर्करोगावर औषध म्हणून इंटरफेरॉन दिलेल्या काहींना ल्युपससारखा आजार होऊ लागला, तेव्हा संशय बळावला. 2003 पर्यंत जनुकांच्या चाचण्यांनी दाखवलं की अनेक रुग्णांच्या रक्तपेशी सतत अशा वागत असतात, जणू कुठलासा विषाणू अंगात आहे. घरात चोर नाही आणि भोंगा मात्र वाजतोय, तोही वर्षानुवर्षं. त्यात खरा चोर आला की आधीच उंच असलेला आवाज आणखी चढतो. विषाणूच्या संसर्गानंतर काहींचा ल्युपस उसळतो, त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

भोंग्याचं बटण कुठे आहे, त्यावरही प्रकाश पडला. टीएलआर7 हा पेशीतला पहारेकरी फ्लू आणि कोरोनासारख्या विषाणूंचं आरएनए (त्यांचं जनुकीय द्रव्य) ओळखतो. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या दोन कुटुंबांतले चार तरुण, एरवी धडधाकट, कोविडने अत्यवस्थ झाले; त्यांच्यात या पहारेकऱ्याचं जनुकच निकामी होतं. 2022 मध्ये नेमकं उलटं सापडलं. लहान वयात ल्युपस झालेल्या एका मुलीत तेच जनुक एका बदलामुळे अतिसावध झालं होतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि ल्युपसच्या 10 पैकी 9 रुग्ण स्त्रिया असतात. एवढ्यावरून सगळं उलगडलं असं म्हणता येणार नाही, पण दिशा कळते.

कोविडने ल्युपसच्या रुग्णांना आणखी एका बाजूने गाठलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे त्यांचं रोजचं औषध. मलेरियावरच्या गोळ्यांनी त्वचेचा ल्युपस निवळतो, हे लंडनच्या पेज यांनी 1951 मध्ये लिहिलं होतं, आणि 1950 च्या दशकातच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वापरात आलं. मार्च 2020 मध्ये हीच गोळी कोविडवर चालेल अशी हवा झाली आणि जगभर दुकानांतून ती गायब होऊ लागली. ज्यांना ती खरोखर लागते, ते गोळ्या मोजत बसले. "ल्युपसवाल्यांना कोविड होतच नाही" अशी अफवाही फिरली. तीही टिकली नाही. ती गोळी नियमित घेणाऱ्यांनाही कोविड झाला, गंभीरही झाला. जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना तिचा फायदा नाही असं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेने कोविडसाठी तिला दिलेली आणीबाणीची परवानगी मागे घेतली. ल्युपससाठी मात्र तिचं मोल कमी झालेलं नाही: ती आजार आटोक्यात ठेवते, त्यामुळे स्टेरॉइड कमी लागतं.

आणि स्टेरॉइडचा मुद्दा महत्त्वाचा ठरला. संधिवाततज्ज्ञांनी घाईने उभारलेल्या जागतिक नोंदवहीतल्या पहिल्या 600 रुग्णांत (40 देशांतले, सगळे संधिवाताच्या गटातले) दिवसाला 10 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोन (स्टेरॉइडची गोळी) घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता जास्त दिसली. पुढे रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी संपवणारं औषध) घेणाऱ्यांतही कोविड गंभीर होताना दिसला. स्टेरॉइड खाली आणण्याचा आग्रह आधीपासून होताच. 2023 च्या युरोपीय मार्गदर्शनात कायमच्या डोसची मर्यादा 5 मिलिग्रॅमवर आली. याचा अर्थ ताप आला म्हणून स्वतःच गोळी बंद करायची, असा मुळीच नाही. बरेच महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, वेळेवर बनवता येत नाही, आणि रक्तदाब कोसळू शकतो.

लसीबद्दलची भीती कोविडच्या कितीतरी आधीची. प्रतिकारशक्तीला डिवचलं तर ल्युपस भडकेल, हा अंदाज वरवर तर्काला धरूनच आहे. म्हणून 1970 च्या दशकाच्या अखेरीस फ्लूची लस ल्युपसच्या रुग्णांना मुद्दाम देऊन पाहिली गेली. आजार भडकला नाही. अँटीबॉडी काहींत थोड्या कमी बनल्या, इतकंच. निष्क्रिय लसींच्या बाबतीत तेच चित्र पुढेही दिसलं. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना टाळतात. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा रिटुक्सिमॅब चालू असताना लशीचा परिणाम कमी होतो, म्हणून लशीची आणि औषधाची वेळ जुळवावी लागते.

2021 मध्ये अमेरिकेत अनिफ्रोलुमॅबला मान्यता मिळाली. हे औषध इंटरफेरॉनचा संदेश पेशीपर्यंत पोहोचूच देत नाही. ल्युपस निवळतो, पण चाचण्यांत नागीण आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त दिसले. काही रुग्णांच्या शरीराने तर हे औषधाविनाच केलेलं असतं: त्यांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निकामी करणाऱ्या अँटीबॉडी असतात. 2022 मध्ये अशा रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यांचा ल्युपस इतरांपेक्षा शांत होता. गंभीर कोविड आणि नागीण मात्र त्यांनाच जास्त झाली होती.