सत्तर लिटरचा हिशेब

रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये हल्ली क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या आकड्याखाली ‘ईजीएफआर’ असा आकडा छापलेला असतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात, त्याचा तो क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज. मूत्रपिंड रक्त ‘गाळते’ हे आज शाळेतली मुलेही सांगतात. पण ते पटायला ऐंशी वर्षे वाद चालला.

त्याआधीचा प्रश्न होता, लघवी तयार तरी कुठे होते? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एक सुंदर दृष्टान्त आहे. मातीचा नवा घडा तोंडापर्यंत पाण्यात ठेवला की बाजूंनी पाणी झिरपून तो भरतो, तसा बस्ती, म्हणजे मूत्राशय, मूत्राने भरतो. आयुर्वेदाला वृक्क, म्हणजे मूत्रपिंडे, माहीत होते, पण त्यांचा संबंध मेदाशी, म्हणजे चरबीशी, जोडला होता. झिरपण्याची कल्पना मला आजही मोलाची वाटते; फक्त झिरपण्याची जागा दुसरी निघाली. तिकडे रोमन साम्राज्यात दुसऱ्या शतकात गॅलेनने प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या बांधून दाखवले, की मग मूत्राशयात काहीच उतरत नाही.

१६६६मध्ये इटलीच्या माल्पिघीने मूत्रपिंडाच्या रोहिणीत काळा रंग सोडला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला झाडाला फळे लगडावीत तसे बारीक गोळे दिसले. हे केशवाहिन्यांचे गुच्छ. एका मूत्रपिंडात ते साधारण दहा लाख असतात. गुच्छाभोवतीची पिशवीच पुढे नलिका होते, हे १८४२मध्ये लंडनच्या विल्यम बोमनने दाखवले. त्याच सुमारास जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविगने मांडले, की रक्ताच्या दाबाने गुच्छातून पाणी आणि विरघळलेले पदार्थ गाळले जातात, प्रथिने मागे राहतात, आणि नलिकेतून जाताना बरेचसे पाणी रक्तात परत शोषले जाते.

ब्रेसलाऊच्या (आज पोलंडमधले व्रोत्स्वाफ) शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुडॉल्फ हायडेनहाइनला हे मान्य नव्हते. त्याने साधा हिशेब केला. लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ युरिया रक्तात इतका विरळ असतो, की दिवसभराचा युरिया निव्वळ गाळून बाहेर टाकायचा तर सुमारे ७० लिटर द्रव गाळावा लागेल, आणि त्यातला जवळपास सगळा पुन्हा शोषावा लागेल. शरीर असा उलटा कारभार कशाला करील? अनेकांना हे पटले. नलिकेच्या पेशीच लघवी स्रवतात, हे मत बरीच वर्षे टिकले.

निकाल लागला बेडकावर. फिलाडेल्फियात जोसेफ वेर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी जिवंत बेडकाच्या एकाच गुच्छाभोवतीच्या पिशवीत केसासारखी काचेची नळी घालून थेंबभर द्रव काढला. त्यात साखर होती, क्लोराइड होते, प्रथिने नव्हती; मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती. म्हणजे ती वाटेत परत घेतली गेली होती. हे १९२४मध्ये छापून आले. हायडेनहाइनला अशक्य वाटलेला आकडा उलट फार कमी होता. माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास.

तरी हायडेनहाइन पुरता चुकला नव्हता. काही पदार्थ नलिकेच्या पेशी खरोखरच रक्तातून उचलून लघवीत टाकतात. काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडात गुच्छ नसतातच, तरी त्यांची लघवी तयार होते. आपले क्रिएटिनिनही थोडेसे याच वाटेने जाते. म्हणून गाळण्याचे काटेकोर माप हवे असेल तेव्हा शिरेतून इन्युलिन हा वनस्पतींतला पिष्टासारखा पदार्थ देतात. नलिका ते परतही घेत नाही आणि त्यात भरही घालत नाही.